ड्रॉइंगवर न लिहिलेलं

भोसरीत जॉबवर्क करताना मोठ्या कंपन्यांकडून जे शिकलो, त्यातलं थोडं.

१. ड्रॉइंगवर माप असतं, पार्ट पुढे कुठे बसतो ते नसतं. आमचा एक बुश गिऱ्हाईक कंपनीच्या लाइनवर सारखा रिजेक्ट व्हायचा. इथे सगळी मापं ओके, तिकडून डेबिट नोटा. दोन्हीकडच्या क्वालिटीवाल्यांची मेलामेली चालूच. शेवटी आमचा सेटर त्यांच्या असेंब्लीवर जाऊन उभा राहिला. तिथला ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, माप बरोबर आहे हो, पण तुमची बर ओ-रिंग कापते." ड्रॉइंगवर नुसतं 'धारदार कडा काढा' होतं. चॅम्फर वाढवला, विषय संपला.

२. शिकवायला येणारा माणूस पर्चेसचा नसावा. काइझेन म्हणून येतात, सायकल टाइम उतरवून देतात आणि लगेच भाव कमी करा म्हणतात. पुढच्या खेपेला ऑपरेटर मशीन हळूच चालवून दाखवतो, आणि मी त्याला अडवत नाही. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे जनक ताइइची ओनो यांच्या पुढाकाराने कंपनीने पुरवठादारांना शिकवणारा विभाग काढला. त्याची माणसं फी घेत नसत आणि वाचलेल्या पैशात लगेच वाटाही मागत नसत. तिथले पुरवठादार कारखाना उघडा करून दाखवतात ते संस्कार म्हणून नव्हे, परवडतं म्हणून.

३. दुसऱ्या व्हेंडरकडून जरूर शिकावं, पण तोच पार्ट करणाऱ्याकडून नाही. टोयोटाच्या जिशुकेन गटांत, म्हणजे पुरवठादारांच्या अभ्यासगटांत, थेट स्पर्धक एकत्र ठेवत नाहीत. आपल्या व्हेंडर मीटमध्ये सगळे एका टेबलावर. जेवण उत्तम असतं, बोलत कुणीच नाही.

४. सेटिंग वहीत उतरवून घ्या. सेटर नोकरी बदलतात.

५. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारियाच्या आयसिन कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकचे पी-व्हॉल्व्ह जवळजवळ सगळे तिथूनच यायचे आणि साठा अगदी थोडा. गाड्यांच्या लाइनी थांबल्या. आयसिनने ड्रॉइंगं मागेल त्याला दिली. खास मशीनं जळालेली, तेव्हा साध्या मशीनवर हे काम कसं बसवायचं ते ज्याला आधी जमलं त्याने इतरांना सांगितलं. साठेक कंपन्यांनी व्हॉल्व्ह केले, शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा. आठवड्याभरात उत्पादन बरंचसं सावरलं. पैशाचं बोलणं मागाहून झालं. आमच्याकडे पीओ नंबर नसेल तर गेटवरचा वॉचमन चलनसुद्धा घेत नाही.