घाटातील मळमळ व उलटी : भाविकांनी घ्यावयाची काळजी

श्रीक्षेत्र सप्तशृंगगडावर येताना नांदुरी गावापासून वळणावळणाचा घाट चढावा लागतो. या प्रवासात अनेक भाविकांना, विशेषतः लहान मुलांना, मळमळ व उलटीचा त्रास होतो. अंतःकर्णातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला गाडीची हालचाल जाणवते. डोळ्यांना मात्र गाडीचा आतील भाग स्थिर दिसतो. हा मेळ न बसल्याने मळमळ सुरू होते. म्हणून शक्यतो पुढील आसनावर बसावे, दृष्टी दूरच्या डोंगरावर ठेवावी व वाचन टाळावे. घाटापूर्वी भरपेट जेवू नये.

औषधे कोणती व केव्हा?

प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट व मेक्लिझिन ही प्रवासातील उलटीवरील प्रचलित औषधे होत. ती त्रास होण्यापूर्वीच, साधारणतः एक तास आधी घ्यावी लागतात. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. या औषधांनी गुंगी येते, म्हणून वाहनचालकाने ती घेऊ नयेत. काचबिंदू अथवा प्रोस्टेटचा विकार असलेल्यांनी व गर्भवतींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दोन वर्षांखालील बालकांना प्रोमेथाझिन मुळीच देऊ नये.

ऑनडॅनसेट्रॉन हे औषध कर्करोगावरील उपचारांत व शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या उलट्यांवर गुणकारी आहे. प्रवासातील मळमळीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. डॉमपेरिडोन हृदयविकार असलेल्यांना अपायकारक ठरू शकते. सहप्रवाशाने सद्भावनेने दिलेली गोळीही न विचारता घेऊ नये.

उलटीनंतर

क्षारसंजीवनीचे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोटघोट पाजावे. उपवास असला तरी हे पाणी टाळू नये. मधुमेही भाविकांनी विशेष दक्ष राहावे.

केवळ घाटाचा त्रास समजू नये

उलटीबरोबर छातीत दुखणे, घाम व धाप असल्यास तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. उलटीत रक्त, पोटात असह्य वेदना, तीव्र डोकेदुखी, गुंगी किंवा लघवी बंद होणे हीही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी दर्शनासाठी न थांबता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दर्शन पुन्हा घडेल. उपचाराची वेळ मात्र पुन्हा येत नाही.

आई सप्तशृंगी सर्व भाविकांस उत्तम आरोग्य देवो, हीच प्रार्थना.