नाळेतील रक्त आणि प्रसूतिगृहातील माणसे

ज्या गावी नाळ पुरली त्या गावाची ओढ माणसाला सुटत नाही, असे आपण म्हणतो. बाळंतपणे घरी होत तेव्हा नाळ व वार मातीत पुरण्याची चाल हिंदूंच्या घरी होती, तशी मुसलमानांच्या घरीही होती. आता प्रसूतिगृहात बहुधा ती टाकून दिली जाते. तिच्यात उरलेले रक्त किती मोलाचे, आणि ते हाती लागणे कुणावर अवलंबून असते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

हाडांच्या मगजातील ज्या मूळपेशींपासून रक्त बनते, तशाच पेशी या रक्तात असतात. १९८८ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी नावाच्या आनुवंशिक रक्तदोषाने पीडित अशा पाच वर्षांच्या अमेरिकन मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. ते अमेरिकेत जमवून, गोठवून विमानाने नेले होते. मुलगा बरा झाला, आणि पंचवीस वर्षांनंतरही धडधाकट होता. डॉक्टरांचा गौरव झाला तो रास्तच. परंतु बहिणीच्या जन्मावेळी ज्यांनी ती पिशवी भरली, त्यांचा हात चुकता तर पुढचे काहीच घडते ना.

हे काम दिसते सोपे. मूल जन्मले, नाळ चिमट्याने बांधून कापली, मूल दुसऱ्या परिचारिकेच्या हाती गेले की वारेकडील नाळ जंतुनाशकाने पुसतात आणि तिच्या जाड शिरेत सुई घालतात. नाळेत तीन वाहिन्या असतात. त्यांतली शीर एकच. पिशवी खाली धरली की रक्त आपल्या भाराने उतरते. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत औषध असते. ते मिसळावे यासाठी पिशवी हलकेच डोलवीत राहावे लागते. सारा खेळ काही मिनिटांचा. उशीर झाला की नाळेतच गाठी धरतात. नाळ पांढुरकी व चपटी झाली म्हणजे काम झाले. पुष्कळदा शंभर मिलिलिटरही भरत नाही. पुसण्यात कसूर झाली तर जंतू शिरतात आणि पिशवी फुकट जाते. चिठ्ठीवर आईचे नाव, तारीख व वेळ तेथेच, खाटेपाशी लिहावयाची; पिशवी खोलीबाहेर गेल्यावर नव्हे. कावीळ, एच.आय.व्ही. आदींच्या तपासणीसाठी आईचे रक्तही सोबत धाडावे लागते. पुढे पेढीत ते उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात ठेवतात.

मात्र या रक्ताचा पहिला धनी मूलच. जन्मानंतर निदान एक मिनिट नाळ बांधू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या अवधीत मुलाला रक्त व लोह मिळते. थांबले तर पिशवीत कमी उतरते, हे खरे. तरी पिशवीसाठी घाई करणारी परिचारिका आमच्या मते आपले काम विसरली. मूल रडत नसेल, आईला रक्तस्राव होत असेल, तर पिशवी बाजूला ठेवून सर्व हात तिकडेच लागले पाहिजेत.

आता घरच्या मंडळींसाठी. 'तुमच्या मुलाचा जन्मभराचा विमा' म्हणून खासगी पेढ्या पैसे घेऊन हे रक्त ठेवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, मुलाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी ते साठविण्यास शास्त्रीय आधार नाही. कारण उघड आहे: थॅलेसेमियासारखा दोष उपजतच असेल, तर तो त्या रक्तातही असणार. घरात असा आजारी भाऊ किंवा बहीण असेल, तर गोष्ट निराळी. सख्ख्या भावंडाचे रक्त पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक असतो. अशा घराने डॉक्टरांशी आधीच बोलावे.

संमतीचा कागद सातव्या-आठव्या महिन्यात, आईने स्वतः समजून घेऊन सही करावी. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने तिच्या वतीने हो म्हणू नये, आणि कळा सुरू झाल्यावर कुणी कागद पुढे करू नये. नोंदणीमागे प्रसूतिगृहाला काही मोबदला मिळतो काय, हेही निःसंकोच विचारावे. पिशवी पुरती भरली नाही, तर परिचारिकेने ते त्याच दिवशी घरच्यांना सांगावे. कारण कमी पेशींच्या पिशवीचे भाडे वर्षानुवर्षे भरण्यात अर्थ नाही.