दोन मिनिटांचे युद्ध

कुंभकोणम हे तमिळनाडूतले देवळांचे गाव. कावेरीचा काठ, विड्याची पाने, पितळेची भांडी, आणि शेजारच्या स्वामिमलैत मेणाच्या साच्यावरून ओतल्या जाणाऱ्या मूर्ती. याच गावात शासकीय ललित कला महाविद्यालय आहे. तिथे चित्रकला आणि शिल्पकलेबरोबर व्हिज्युअल कम्युनिकेशन डिझाइनचीही पदवी घेता येते. अशा वर्गातला एखादा विद्यार्थी प्रकल्प म्हणून युद्धपटाचा ट्रेलर आणि त्याच्या प्रसिद्धीचा सगळा संच करायला घेतो, तेव्हा घरच्यांच्या कपाळाला आठी पडते. सिनेमाही नाही, सिनेमाची जाहिरात. आणि तीसुद्धा अजून न झालेल्या सिनेमाची! हे शिक्षण म्हणायचे की नाद? सांगली, नांदेड, बेळगावच्या पालकांनाही हाच प्रश्न पडतो आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

उत्तर शोधताना आधी हा धंदा किती जुना आहे ते पाहावे. त्याचा एक धागा थेट कुंभकोणमलाच पोचतो.

१८२८ मध्ये या गावात एका तंजावरी मराठी घराण्यात टी. माधवराव जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. राजा रविवर्मांच्या चित्रांना वाढती मागणी आहे आणि एकट्या चित्रकाराच्या हातून ती पुरी होणे शक्य नाही, हे त्यांनी ओळखले. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्या, असे त्यांनी रविवर्मांना सुचवले. पुढे १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा छापखाना उभा राहिला आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यासाठी काम केलेल्यांमध्ये दादासाहेब फाळकेही होते. चित्र घरोघर कसे पोचते, हे त्यांनी सिनेमा काढण्याआधी शाईच्या वासात शिकून घेतले होते. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. सुरतेच्या प्रेक्षकाला दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायची सवय होती, म्हणून फाळक्यांनी जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि तीन आणे दर असा हिशेब मांडला, असे सांगतात. समोरचा माणूस कशाशी तुलना करतो आहे ते ओळखून मजकूर लिहायचा, ही या धंद्यातली पहिली अक्कल.

दुसरी कोल्हापुरात सापडते. बाबूराव पेंटर मूळचे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला. तानाजीच्या रात्रीच्या चढाईसाठी त्यात कृत्रिम प्रकाश वापरला होता, आणि शेलारमामाचे काम करत होते तरुण व्ही. शांताराम. सिनेमाची माहिती आणि छायाचित्रे देणाऱ्या पुस्तिका पेंटरांनी छापल्या, पोस्टरही स्वतः रंगवली. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे नाव घेतले जाते. युद्धपट आणि त्याची प्रसिद्धी एकाच छताखाली, एकाच चित्रकाराच्या नजरेतून आकाराला येत होती, याला आता शंभर वर्षे झाली.

आता प्रकल्पाकडे वळू. कुंभकोणमच्या मुलांना विषयाची वाण नाही. चोळांची पळैयारै ही राजधानी गावापासून हाकेच्या अंतरावर. कल्कींची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात साप्ताहिकात क्रमशः आली, आणि मणिरत्नम यांनी तिच्यावर केलेले दोन सिनेमे सप्टेंबर २०२२ आणि एप्रिल २०२३ मध्ये. तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंतचा. आणि सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मेजर मुकुंद वरदराजन यांच्यावरचा २०२४ चा तमिळ ‘अमरन’. गावालगतच्या दारासुरमला बाराव्या शतकातले ऐरावतेश्वर मंदिर आहे. त्याचा एक मंडप रथाच्या आकाराचा, दगडी चाके आणि घोडे जोडलेला. युद्धपटासाठी याहून देखणी पहिली चौकट कुठे मिळणार?

समजा, विद्यार्थ्याने ते चाकच पहिल्या शॉटला घेतले. दोन मिनिटांचा ट्रेलर म्हणजे १२० सेकंद. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर २,८८० चौकटी. नवशिका संकलक त्यात आगीचे लोळ, तलवारी, किंकाळ्या ठासून भरतो, आणि विसाव्या सेकंदालाच डोळा शिणतो. सरावलेला माणूस आधी आवाजाची पट्टी लावतो. आठ सेकंद चित्र एकच, दगडी चाक. लांबून नगारा. नगारा थांबतो. जवळून कुणाचा तरी श्वास. पडदा काळा. त्या काळ्या पडद्यावर एकच वाक्य, तेही हळू आवाजातले. पुन्हा चाक, पण आता त्याच्यावर पडलेली माणसाची सावली हलते आहे. अजून एकही तलवार उपसलेली नाही आणि प्रेक्षक पुढे सरकून बसला आहे.

युद्धपटाच्या ट्रेलरची खरी अडचण अशी की शेवट बहुधा सगळ्यांना ठाऊक असतो. सिंहगड हाती आला आणि तानाजी पडला, हे दुसरीतल्या पोरालाही माहीत. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ या प्रश्नावर ट्रेलर उभा राहत नाही. घरात मुलाचे लग्न ठरलेले असताना हा माणूस मोहिमेवर निघतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न उभा करावा लागतो. तो सापडला की दृश्यांची निवड सोपी होते. तो सापडलाच नाही, तर कितीही महागडे ग्राफिक्स असोत, हाती उरतो तो गोंगाट.

कामाची रीत ठरलेली आहे. सिनेमा असेल तर तो पूर्ण पाहायचा, नोंदी करायच्या, ‘सिलेक्ट्स’ म्हणजे निवडलेले शॉट्स वेगळे काढायचे, तात्पुरते संगीत लावून रफ कट करायचा, दोन-चार जणांना दाखवायचा, मग कट लॉक. विद्यार्थ्याकडे सिनेमा नसतो, म्हणून तो आपल्यापुरते दहा-बारा शॉट्स चित्रित करतो किंवा स्टोरीबोर्ड हलता करतो. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सरकारचे चित्रीकरण बहुतांशी स्वामित्वमुक्त आहे आणि तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मिळते. सरावाला ते उत्तम. साधनांच्या खर्चाने पालकांनी फार घाबरू नये. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, ब्लेंडर आणि क्रिता यांवर पदवीच्या पातळीचे काम निभते, आणि फुटेजच्या हलक्या प्रॉक्सी फाइल्स करून घेतल्या तर जुना संगणकही तग धरतो. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या हेडफोनला आणि बॅकअपच्या हार्ड डिस्कला आधी घालावेत.

ट्रेलर झाला की अर्धे काम होते. फर्स्ट लूक पोस्टर, मोशन पोस्टर, टीझर, मोबाइलसाठी उभे तुकडे, थिएटरच्या दारातला स्टँडी, वर्तमानपत्राची जाहिरात, पत्रकारांसाठी माहितीपत्रक आणि स्टिल्सचा संच, हे सगळे एकाच हाताचे वाटले पाहिजे. इथे अक्षरांकडे फार दुर्लक्ष होते. ‘पोन्नियिन सेल्वन’ तमिळ, हिंदी, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड अशा पाच भाषांत आला; असे काम हाती आले की पाचही लिप्यांत शीर्षकाचे वजन सारखे ठेवावे लागते. देवनागरीची शिरोरेषा आणि तमिळची गोलाई यांना एकाच भाल्याच्या टोकाने कापून चालत नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी केलेली अक्षरे पाहिली की नाटकाचा स्वभाव नावातूनच कळतो. आजची मुले भेगाळलेला दगड आणि ठिणग्या असे एकच पोत प्रत्येक युद्धपटाला लावतात, हे खटकते. एक साधी चाचणी: पोस्टर टपाल तिकिटाएवढे छापून हातभर अंतरावर धरायचे. नाव वाचता आले आणि चेहऱ्यावरचा भाव कळला, तर ते मोबाइलवरही चालेल आणि होर्डिंगवरही.

याच टप्प्यावर जबाबदारीही शिकून घ्यावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’चा ट्रेलर आला. त्यात छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, आक्षेप उठले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य सिनेमातून काढले. ‘अमरन’मध्ये एका चिठ्ठीवर दिसलेला फोन क्रमांक चेन्नईतल्या एका विद्यार्थ्याचा निघाला, फोनांनी हैराण होऊन त्याने कायदेशीर मार्ग धरला आणि निर्मात्यांना तो क्रमांक झाकावा लागला. दोन-तीन सेकंदांचे दृश्यही कुणाच्या तरी श्रद्धेशी, कुणाच्या तरी खासगी आयुष्याशी बांधलेले असते. म्हणून लष्करी गणवेशात भर रस्त्यात चित्रीकरण करण्याआधी पोलिसांना कळवायचे. दारासुरमचे मंदिर जागतिक वारशात आहे आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात, तेव्हा तिथे चित्रीकरणाला त्यांची परवानगी काढायची. दुसऱ्याचे संगीत उचलून यूट्यूबवर टाकायचे नाही. आणि ट्रेलर थिएटरात दाखवायचा असेल तर सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र त्यालाही लागते. शहीद जवानाच्या घरच्यांनी हे पोस्टर पाहिले तर त्यांना काय वाटेल, हा प्रश्न मात्र कोणत्याही नियमावलीत नसतो. तो शिक्षकांनी वर्गात विचारावा.

शिक्षणाच्या वाटा बऱ्याच आहेत. कुंभकोणमच्या मुलांना चेन्नईत तरमणीची एम.जी.आर. शासकीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था जवळची. तिथे संकलनाचा पदवी अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात पोस्टर आणि अक्षरांकडे ओढा असेल तर मुंबईच्या सर ज. जी. (जे.जे.) संस्थेतला उपयोजित कलेचा अभ्यासक्रम. ‘दीवार’सारख्या सिनेमांची पोस्टर करणारे दिवाकर करकरे जे.जे.मधूनच शिकून निघाले. आयआयटी मुंबईच्या बी.डेस.साठी यूसीड परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते; अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेशपरीक्षा वेगळी. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये संकलन पदवीनंतर शिकवतात आणि पदवी कोणत्याही विषयाची चालते, त्यामुळे बी.कॉम. झालेल्या मुलीचे दार बंद होत नाही. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीचे माहितीपत्रकच प्रमाण मानावे. आणि प्रवेश मिळो न मिळो, पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली जुनी पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिका एकदा पाहून यावीच.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. हे काम मुख्यतः मुंबई, चेन्नई, हैदराबादेत एकवटलेले आहे. सुरुवात सहायक म्हणून होते. फाइल्सना नावे देणे, सबटायटल बसवणे, एकाच पोस्टरचे वीस आकार काढणे, अशी कामे वाट्याला येतात. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की रात्री जागाव्या लागतात, आणि मधले काही महिने रिकामेही जातात. करार कागदावर करणे, आगाऊ रक्कम घेणे, किती वेळा बदल करून देणार ते आधी ठरवणे, हे वर्गात क्वचितच शिकवतात. पालकांचा व्यवहाराचा अनुभव इथेच उपयोगी पडतो. दुसऱ्या बाजूने, हीच कौशल्ये जाहिरात संस्था, ओटीटी, गेमिंग, वृत्तवाहिन्या, प्रकाशन संस्था, वस्तुसंग्रहालये अशा अनेक ठिकाणी लागतात. सिनेमा हा या विद्येचा एकमेव ग्राहक नव्हे.

काल्पनिक ट्रेलरला किंमत असते का, या शंकेवर एक उदाहरण देता येते. २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट रायांग नावाचा तरुण सहायक संकलक होता. जुन्या सिनेमाचा ट्रेलर दुसऱ्याच प्रकारात कापायचा, अशी संकलकांची एक स्पर्धा होती. त्याने ‘द शायनिंग’ या भयपटाचा ट्रेलर हसऱ्या कौटुंबिक सिनेमासारखा केला. दृश्ये मूळ दिग्दर्शक कुब्रिकचीच, बदलले ते निवेदन, संगीत आणि क्रम. तो जगभर पसरला आणि हॉलिवूडमधून त्याला फोन येऊ लागले. अशी प्रसिद्धी दर वर्षी कुणाच्या वाट्याला येत नाही, पण निवडणारे लोक नेमके काय पाहतात ते यातून कळते: त्याने क्रम का बदलला आणि तो बदल पचला का.

म्हणून पोर्टफोलिओत एकटा ट्रेलर ठेवू नये. पहिला रफ कट, नाकारलेली तीन पोस्टर आणि ती का नाकारली त्याची चार ओळींची टिपणे, पाच लिप्यांतले शीर्षक, मिळवलेल्या परवानग्यांच्या प्रती, संगीत कुठून घेतले त्याची नोंद, आणि मित्रांनी काम केले असेल तर कुणी काय केले ते स्पष्ट लिहिलेले पान, एवढे सोबत असावे. आईवडिलांनी हा संच जेवणाच्या टेबलावर मांडून घ्यावा आणि मुलाला प्रत्येक निवडीचे कारण विचारावे. आवडले-नावडले एवढ्यावर थांबू नये. ‘हा शॉट इथे का?’ याला तो नीट, न चिडता उत्तर देत असेल, तर त्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या वरच्या वर्गातल्या दोन विद्यार्थ्यांशी आणि एखाद्या काम करणाऱ्या संकलकाशी त्याची गाठ घालून द्यावी. प्रवेशपरीक्षेची तारीख त्यानंतर पाहिली तरी चालते. अर्ज भरायला तोवर त्याच्याकडे काहीतरी दाखवण्याजोगे असेल.