परक्याने आपल्या मुलाला रागे भरले तर

शास्त्रपाठ : मत्तय २१:१२-१७; १ शमुवेल १:९-१८; मार्क १०:१३-१६

आगगाडीत मूल खिडकीसाठी हट्ट करते, दुकानात एखाद्या वस्तूला हात लावते, दवाखान्यात वाट पाहून कंटाळते व रडू लागते. तोच शेजारचा अनोळखी गृहस्थ त्याच्यावर डोळे वटारतो आणि आपल्याला विचारतो, "पोराला काही वळण लावलंय की नाही?" चारचौघांच्या माना आपल्याकडे वळतात. अशा वेळी काही आईबाप त्या गृहस्थाशी हमरीतुमरीवर येतात. पुष्कळजण मात्र मुलाच्या पाठीत धपाटा घालतात. मुलाची चूक काय होती याचा विचार त्या धपाट्यात नसतो. लोक काय म्हणतील एवढाच असतो. ख्रिस्ती आईबापांपुढे याहून निराळा मार्ग आहे काय?

१. मंदिरातील मुले

प्रभूने मंदिरात सराफांचे चौरंग पालथे केले, आंधळ्यापांगळ्यांना बरे केले, आणि तेथील मुले होसान्नाचा गजर करू लागली. मुख्य याजक व शास्त्री संतापले. परंतु ते मुलांशी बोलले नाहीत. ते येशूकडे आले आणि ही मुले काय म्हणतात ते तू ऐकतोस ना, असे त्याला विचारू लागले. आगगाडीतल्या गृहस्थाचा प्रश्न याच जातीचा आहे.

प्रभूने काय केले ते क्रमाने पाहा. आपण ऐकले आहे असे त्याने सरळ सांगितले. त्या मोठ्या माणसांची मर्जी राखण्यासाठी त्याने मुलांना गप्प केले नाही. त्यांना ठाऊक असलेल्या आठव्या स्तोत्राच्या आधारे त्याने मुलांची बाजू थोडक्यात मांडली. मग वाद न वाढवता तो नगराबाहेर बेथानीस निघून गेला. ऐकणे, मुलाला न सोडणे, थोडके बोलणे आणि तेथून निघणे, हा धडा घरी नेण्यासारखा आहे.

२. हन्नेचे उत्तर

कधी रागावणाऱ्याचा गैरसमज झालेला असतो. शिलो येथे हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करीत होती. नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली व त्याने तिला दोष दिला. हन्नेने त्याला स्वामी म्हटले, पण खोटा दोष मात्र पत्करला नाही. आपण दुःखी आहोत हे तिने सांगितले. एलीनेही आपला सूर बदलून तिला आशीर्वाद दिला. आदर आणि सत्य एकाच उत्तरात राहू शकतात. "आजोबा, तो खोडी करीत नाही, त्याला ताप आहे," एवढे शांतपणे सांगितले तर पुष्कळदा समोरचा माणूसही निवळतो.

परंतु चूक मुलाचीच असेल तर? त्याच्या चिखलाच्या पायांनी कोणाचे लुगडे खराब झाले असेल, तर आपण आधी क्षमा मागावी आणि मुलालाही मागायला लावावी. परक्याचा शब्द कडू असला तरी खरा असू शकतो. मात्र पुढचा बोध घरी, एकांतात करावा. अपराधी बंधूला प्रथम एकट्याला गाठून समज द्यावी असे प्रभूने शिकवले आहे (मत्तय १८:१५). मोठ्या माणसाला जी सवलत, ती लेकराला नको काय? मुले खिन्न होतील असे बापांनी वागू नये, असे पौलही बजावतो (कलस्सै ३:२१).

आपल्या मंडळ्या बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा गावी आहेत. तेथे रागावणारा माणूस कानडी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारा असू शकतो. लहान मुलाला शब्द कळत नाहीत, फक्त चेहरा कळतो. म्हणून तो काय म्हणाला व का म्हणाला, हे त्याला जवळ घेऊन आपल्या भाषेत सांगावे. नाहीतर त्या बोलीचीच भीती मनात बसते.

परक्याने हात उगारला तर गोष्ट वेगळी. तेव्हा मध्ये उभे राहावे आणि "हात लावायचा नाही" असे ठामपणे सांगावे. सौम्यता म्हणजे लेकराला दुसऱ्याच्या हाती देणे नव्हे.

३. आपल्याच बाकावर

मार्काच्या दहाव्या अध्यायात बालकांना आणणाऱ्यांना दटावणारे कोण होते? प्रभूचे शिष्यच. ते पाहून येशूला जे वाटले त्यासाठी मार्काने वापरलेला ग्रीक शब्द मत्तयाने मंदिरातील याजकांच्या संतापासाठी वापरला आहे. याजकांना संताप आला तो मुलांच्या गजराचा. प्रभूला आला तो मुलांना दूर ठेवणाऱ्यांचा.

उपासनेत बाळ रडले की आपण मागे वळून पाहतो. जी आई प्रथमच मंदिरात आली, तिच्या दृष्टीने ते परके आपणच असतो. ग्लॉस्टर शहरात १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी संडे स्कूल काढले, ते रविवारी रस्त्यावर दंगा करणाऱ्या गरीब कामकरी मुलांसाठी. नुसते दटावण्याऐवजी त्यांनी त्या मुलांना बसायला जागा आणि वाचायला पुस्तक दिले. आपल्या शिक्षकांनी हे विसरू नये.

मूल परक्याचा राग लवकर विसरते. पण त्या घटकेला आई किंवा बाबा कोणाच्या बाजूला उभे राहिले, हे ते विसरत नाही. जो पिता लेकराची चूक जाणूनही त्याला टाकीत नाही, त्याची पहिली ओळख त्याला आपल्याच वागण्यातून व्हायची आहे.

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. याजकांनी विचारल्यावर प्रभूने मुलांना गप्प का केले नाही?
२. हन्नेच्या उत्तरात आदर कोठे दिसतो व सत्य कोठे दिसते?
३. आपल्या मंदिरात लहान बाळे घेऊन येणाऱ्या आयांसाठी या महिन्यात आपण कोणती एक सोय करू?