दिवा आधी, रंग मग

कारंजा (लाड),
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. भाचेबाईस,


तुझा मेसेज आणि हॉलचे फोटो मिळाले. शेडकार्डावर पसंत केलेला फिकट राखाडी रात्री चक्क निळा दिसतो, सासूबाईंना घरात बसून दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं आणि पेंटरनं दुसराच डबा लावला असा जावईबापूंना संशय आहे, असं तू लिहितेस. बेडरूम, स्वयंपाकघर आणि देवघर अजून बाकी आहे. दिवाळी तोंडावर आली आहे आणि पेंटरचे निम्मे पैसे तुम्ही अडवून धरले आहेत. फोनवर बोललो असतो, पण या गोष्टी फोनवर अर्ध्याच राहतात. माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, तेव्हा एवढं लांबण लावायचा हक्क मला आहे असं समज.

आधी संशयाचं बघू. डब्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीचा फोटो तूच पाठवलास. तिच्यावरचा शेड नंबर आणि तुझ्या कार्डावरचा नंबर एकच आहे. डबा तोच, रंगही तोच. बदलला आहे तो उजेड.

भिंतीला स्वतःचा उजेड नसतो. दिव्यातून किंवा खिडकीतून जो प्रकाश येतो, त्यातला काही भाग रंग गिळून टाकतो आणि उरलेला परत पाठवतो. त्या परत आलेल्यालाच आपण भिंतीचा रंग म्हणतो. दिव्यात जे नाही, ते भिंत कुठून देणार? हे तुला नवीन नाही. साडी घेताना तू ती दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात उलगडून पाहतेस, आणि ट्यूबखाली जुळलेलं ब्लाउजपीस बाहेर आल्यावर वेगळं निघालं की परत करतेस. पाच वारांच्या कापडासाठी एवढी खबरदारी घेणारी माणसं पूर्ण घराचा रंग मात्र बोटभर चौकोनावरून, दुकानातल्या लखलखाटात ठरवतात.

आता तुझ्या हॉलमधले दिवे. प्रत्येक एलईडीच्या खोक्यावर एक आकडा आणि पुढे के हे अक्षर छापलेलं असतं. ते केल्विन. जुना काचेचा पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा, समईची ज्योत 2000 च्याही खाली, आणि हल्ली सर्रास मिळणारा पांढरा एलईडी 6500 चा. आकडा चढेल तसा उजेड निळसर होतो, उतरेल तसा पिवळा-तांबूस. जानेवारी 2015 मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली, एलईडी स्वस्त झाले, आणि काही वर्षांत आपल्या घरांमधला पिवळा उजेड जवळजवळ गेला. तुझ्या हॉलच्या छतात बसवलेले सगळे दिवे 6500 चे आहेत. बाजारातल्या बऱ्याच फिकट राखाडी शेडमध्ये निळ्याची छटा मुळातच असते. अशा शेडवर निळसर उजेड पडला की ती छटाच पुढे येते. उलट तोच दिवा काढून 3000 चा लावलास, तर हाच रंग मऊ, किंचित मातकट दिसेल. क्रीम रंगाचं मात्र भान ठेव. पिवळ्या दिव्याखाली तो लोण्याकडे झुकतो आणि कधी कधी जुनाट वाटू लागतो.

आपल्या आजोळच्या घरात हा हिशेब वेगळ्या रीतीनं केलेला असे. दिवाळीआधी भिंतींना चुन्याचा हात देताना चुन्यात थोडी नीळ टाकत. चुन्यातली पिवळसर झाक निळीमुळे मारली जाते आणि भिंत अधिक पांढरी दिसते. कंदिलाच्या पिवळ्या उजेडातही निळीचा उपयोग होई. खाली गेरूचा पट्टा आणि वर पांढरी भिंत, म्हणजे होता तेवढा उजेड खोलीत खेळता राहायचा. दिवा कसला आहे हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं आणि रंग त्याला धरून होता.

तू आता वाशीमकर आहेस, म्हणून आणखी एक सांगतो. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या शाखेचा हरिषेण राज्य करत होता, आणि त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं दान दिलं. वाकाटकांची वंशावळ सांगणारा त्याचा शिलालेख त्या लेण्यावर आहे. अजिंठ्याची गाजलेली चित्रं याच काळातली, म्हणजे एका अर्थानं तुमच्या गावच्या राजवटीतली. दगडावर मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर आणि वर गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती. निळ्यासाठी लाजवर्द, तो अफगाणिस्तानच्या बदख्शानातून यायचा. पुढे 1920 नंतर निजाम सरकारनं इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून वर लाखेचं रोगण दिलं. चित्रांचे पोपडे धरून ठेवण्याचं त्यांचं काम मोठं होतं, पण रोगण वर्षांगणिक पिवळं, मग तपकिरी पडलं आणि खालचे रंग त्या थरातून दिसू लागले. पिवळ्या थरातून निळं पाहिलं की ते हिरवट होतं आणि पांढरं मळकट. पुरातत्त्व खात्याला पुढे तो थर उतरवण्याचं काम हाती घ्यावं लागलं. रोगण भिंतीवर असो की पिवळेपणा दिव्यात असो, डोळ्यापर्यंत पोचणारा परिणाम एकाच जातीचा. तिथले चितारी रंग चुकले नव्हते. तुझा पेंटरही चुकलेला नाही.

दिव्याइतकाच शेजारही रंग बदलतो. पॅरिसच्या गोबेलँ या राजाश्रयाच्या विणकामशाळेत 1824 मध्ये शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगखात्याचे प्रमुख झाले. काळा धागा फिका पडतो अशी तिथे तक्रार होती. त्यांनी धागा तपासला, तो चांगला निघाला. शेजारी निळे आणि जांभळे धागे विणलेले असल्यामुळे काळ्याचा जोर कमी वाटत होता. त्यावर त्यांनी 1839 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. तुझ्या हॉलमध्ये सागवानी दार, तांबूस पॉलिशचा सोफा आणि केशरी पडदे आहेत. केशरी आणि निळा हे एकमेकांना उठाव देणारे रंग. त्या केशरीशेजारी राखाडी आपोआप निळ्याकडे सरकतो. पडदे नुसते एका रात्रीसाठी काढून बघ, फरक कळेल.

तिसरी गोष्ट खोलीची. कार्डावरचा चौकोन एकटा असतो आणि खोलीत चार भिंती समोरासमोर उभ्या असतात. एका भिंतीवरून निघालेला रंगीत उजेड दुसरीवर पडतो, तिथून तिसरीवर, आणि प्रत्येक फेरीत रंग दाट होत जातो. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी शेड घ्यावी असं जुने पेंटर सांगतात, आणि ते खरं आहे. चकचकीत टाइल्सची फरशी, समोरच्या घराची भगवी भिंत, खिडकीबाहेरचं हिरवं रान, सगळ्यांची झाक आत येते. आणि तुम्ही रंग ठरवलात तो मे महिन्यात. तेव्हा अंगणावर हिरवी जाळी ताणलेली होती. वऱ्हाडात उन्हाळ्यात अर्ध्या घरांवर ती असते, आणि तिच्याखालून येणारा सगळा उजेड हिरवट असतो. पावसाळ्यात जाळी निघाली, तसा दिवसाचा रंगही बदलला.

दिशा आणि ऋतू यांचंही गणित आहे. वाशीम 20 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि पुढे जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर शिरतं. म्हणून दक्षिणेची खोली हिवाळ्यात उबदार दिसते. उत्तरेच्या खोलीत बहुतेक वर्षभर आभाळाचा निळसर, स्थिर उजेड असतो. चित्रकारांना तो आवडतो, पण थंड रंगाच्या भिंतींना तो आणखी थंड करतो. तिथे जरा पिवळसर, मातकट छटा घे. पश्चिमेच्या खोलीला संध्याकाळी तांबूस ऊन लागतं, तिथे आधीच केशरी-गुलाबी रंग दिलास तर चार वाजल्यानंतर डोळ्यांवर येईल. तिथे हिरवट किंवा राखाडी चालेल.

बाहेरच्या भिंतीला फिक्या शेडचा नियम उलटा. पोहरादेवीच्या यात्रेत रामनवमीच्या उन्हात बंजारा बायांचे लाल-पिवळे घागरे आणि त्यांवरचे आरसे किती शोभून दिसतात! तेवढं कडक ऊन तेवढाच गडद रंग मागतं. आपल्या उन्हात बाहेरचा फिकट रंग पांढरा पडल्यासारखा वाटतो, म्हणून कार्डावर थोडा भडक वाटणारा रंग तिथे बरोबर बसतो. तोच आत, बंद खोलीत लावला तर आठ दिवसांत नकोसा होईल.

बेडरूमच्या एका भिंतीला गेरूसारखा लाल द्यायचा तुझा विचार आहे. दे, पण एक जाणून दे. तिन्हीसांजेला दिवा लागायच्या आधी उजेड कमी होतो, तेव्हा डोळ्याला लाल रंग सगळ्यांत आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा-हिरवा तुलनेनं उजळ वाटतो. बोहेमियातले शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे टिपून ठेवलं आणि त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं. लाल भिंतीच्या खोलीत संध्याकाळी दिवा थोडा लवकर लावावा लागेल, एवढंच.

आता उरलेल्या खोल्यांसाठी काय करायचं ते सांगतो.

आधी दिवे ठरव. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत 3000 चे, स्वयंपाकघरात 4000 चे. स्वयंपाकघरासाठी खोक्यावर सीआरआय हा आकडाही बघ. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप आहे. साध्या दिव्यांचा तो 80 च्या आसपास असतो, 90 चा मिळाला तर घे. हळद, मिरची, पालेभाजी आणि निवडायचे तांदूळ त्याच उजेडात पाहायचे आहेत.

मग रंगाचा लहानात लहान डबा आण. भिंतीवर ठिपके मारू नकोस. दोन फूट बाय दोन फुटांचा प्लायचा तुकडा घे, त्याला भिंतीसारखंच पुट्टी आणि प्रायमर लाव, वर रंगाचे दोन हात दे आणि पूर्ण वाळू दे. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. चुन्याचं याच्या उलट. म्हणून ओल्या हातावरून पेंटरला थांबवू नये. तो तुकडा एकेका भिंतीला टेकवून ठेव. खिडकीशेजारच्या भिंतीवर आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर एकच रंग सारखा दिसत नाही. सकाळी, भर दुपारी, तिन्हीसांजेला आणि दिवे लावल्यावर बघ. लाइन गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात बघून मत बनवू नकोस, आणि मोबाइलच्या फोटोवरून तर मुळीच नको. कॅमेरा आपल्या मनानं पांढऱ्याचा तोल सावरतो. तुझ्या पाच फोटोंत मला पाच राखाडी दिसले.

ज्या वेळी ती खोली वापरात असते त्या वेळचं दिसणं खरं मान. बेडरूम रात्रीची, स्वयंपाकघर सकाळचं. देवघरात समई आणि निरांजन लावता, तेव्हा त्यांच्याच उजेडात रंग बघ. तिथे फिकट निळा मळकट होईल, फिकट पिवळा किंवा नुसता पांढरा सोनेरी दिसेल.

चकाकीही ठरवून घे. चमकदार रंगावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, गिलाव्याचे उंचवटे उठून दिसतात आणि प्रत्येक कोपऱ्यातून छटा वेगळी भासते. बसायच्या खोलीत मॅट बरा, हात लागतील तिथे जरासा चमकदार, कारण तो पुसता येतो. एका खोलीचे सगळे डबे एकाच वेळी घे आणि लावण्याआधी पेंटरला ते मोठ्या बादलीत एकत्र करायला सांग. मशीननं बनवलेल्या दोन डब्यांत कधी बारीक फरक राहतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर दिसतो. झाकणावरची चिठ्ठी जपून ठेव, चार वर्षांनी डाग झाकायला लागेल.

हॉल पुन्हा रंगवण्याचा विचार तूर्त सोड. आधी दिवे बदल, पडदे बदलून बघ आणि दिवाळी होऊ दे. नव्या रंगाची डोळ्यांना सवय व्हायलाही दिवस लागतात. पाहुणे येतील, घर भरेल, आणि त्यानंतरही भिंत खटकली तर खुशाल दुसरा हात दे. शंभर-दीडशे रुपयांच्या दिव्यानं जे निभतं, त्यासाठी हजारो रुपये ओतायचं कारण नाही.

पेंटरचा हिशेब मात्र उद्याच चुकता कर. शेड तू निवडलीस, नंबर तू दिलास, त्यानं तोच रंग नीट दोन हात देऊन लावला. दिवाळी त्याच्याही घरी आहे. जावईबापूंना हे पत्र वाचून दाखव आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा