कॉर्कच्या गल्लीतील शाळा



प्रेझेंटेशन संघाच्या धर्मभगिनी १८४२ साली आयर्लंडहून मद्रासला आल्या आणि त्यांनी तेथे शाळा सुरू केल्या. या संघाचा उगम आयर्लंडमधील कॉर्क शहरात झाला. त्या शहराच्या इतिहासातील एका प्रकरणाचा आज आपण अभ्यास करू या.

कॉर्क हे आयर्लंडच्या दक्षिणेस, ली नदीच्या मुखाशी वसलेले शहर. त्याच्या नावाचा मूळ अर्थ 'दलदल'. संत फिनबार यांनी येथे मठ स्थापन केला, अशी परंपरा आहे. पुढे व्हायकिंग आणि त्यांच्यानंतर नॉर्मन लोक येथे स्थायिक झाले. अठराव्या शतकात लोणी आणि खारवलेले मांस यांच्या व्यापारामुळे शहर भरभराटीला आले. 'गलबतांना सुरक्षित बंदर' अशा अर्थाचे कॉर्कचे बोधवाक्य आहे. गलबतांना मिळणारी ही सुरक्षितता गरिबांच्या मुलांना मात्र नव्हती.

१६९० साली इंग्लंडचा राजा विल्यम याच्या सैन्याने कॉर्क जिंकले. त्यानंतर आयर्लंडमध्ये कॅथलिकांविरुद्ध कायद्यांची मालिका सुरू झाली. १६९५ च्या कायद्यानुसार कॅथलिक माणसाने शाळा चालविणे गुन्हा ठरला. त्यासाठी वीस पौंड दंड आणि तीन महिने कैद अशी शिक्षा होती. मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठविणे हाही गुन्हाच होता. श्रीमंत कॅथलिक तरीही मुलांना लपूनछपून फ्रान्सला पाठवीत. गरिबांची मुले मात्र गल्लीबोळांत अक्षरओळखीविना वाढत.

अशाच एका सधन घराण्यात १७१८ साली नॅनो नेगल यांचा जन्म झाला. त्यांचेही शिक्षण फ्रान्समध्ये झाले. मायदेशी परतल्यावर, १७५० च्या दशकात, त्यांनी कॉर्कमध्ये तीस गरीब मुलींसाठी गुप्तपणे शाळा सुरू केली. हा बेत त्यांनी फक्त आपल्या आत्मिक मार्गदर्शक धर्मगुरूंना सांगितला होता. सकाळी त्या शाळेत जात, तेव्हा भावाला वाटे, बहीण प्रार्थनेला गेली आहे!

हे गुपित कसे फुटले, ते त्यांनीच १७६९ साली एका पत्रात लिहून ठेवले आहे. एक गरीब माणूस त्यांच्या भावाकडे आला. माझ्या लेकराला तुमच्या बहिणीच्या शाळेत घ्यायला सांगा, अशी विनवणी तो करू लागला. हा माणूस वेडा दिसतो, असे म्हणत भाऊ हसतच घरात आला. तेव्हा नॅनोंनी खरे काय ते सांगून टाकले. भाऊ संतापला आणि याचे काय परिणाम होतील ते बोलून दाखवू लागला. परंतु पुढे घरच्यांचा विरोध मावळला. नऊ महिन्यांत मुलांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. लोकांच्या आग्रहावरून शहराच्या दुसऱ्या टोकालाही शाळा निघाल्या. अखेर मुलींच्या पाच आणि मुलांच्या दोन अशा सात शाळा झाल्या.

येथे आपण थोडे थांबून विचार करू या. कायदा मोडणे योग्य होते काय? संत थॉमस अक्वायनस सांगतात की, अन्यायी कायदा सदसद्विवेकबुद्धीला बांधून ठेवीत नाही. मात्र तो झुगारताना इतरांना अपाय होईल काय, लोकांत प्रक्षोभ माजेल काय, याचा विचार करावा लागतो. भावाची भीती खोटी नव्हती; घरावर संकट येऊ शकले असते. नॅनोंनी गाजावाजा टाळला, मुले हळूहळू वाढविली, पण शाळा बंद केली नाही.

त्यांच्यापुढे दुसरा अडसर आला तो ख्रिस्तसभेतूनच. शाळा कायम चालाव्यात म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने अर्सुलाइन धर्मभगिनींना कॉर्कमध्ये आणले. त्या १७७१ साली आल्या. परंतु मठाबाहेर न पडण्याचा त्यांचा नियम होता. गल्लीतील शाळा आणि घरी अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांच्यापर्यंत त्या पोहोचू शकत नव्हत्या. नॅनोंनी त्यांना दोष दिला नाही. २४ डिसेंबर १७७५ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, तीन सोबतिणींसह त्यांनी नवा संघ सुरू केला. हातात कंदील घेऊन त्या रात्री गरिबांच्या घरी जात. 'कंदीलवाली बाई' म्हणून आजही त्यांचे स्मरण केले जाते.

१७८२ साली कायदा सैल झाला आणि कॅथलिकांना परवाना घेऊन शिकविता येऊ लागले. २६ एप्रिल १७८४ रोजी नॅनो प्रभूघरी गेल्या. १८०५ साली रोमने त्यांच्या संघाला अंतिम मान्यता दिली, तेव्हा मठाबाहेर न पडण्याचा नियम या भगिनींनाही लागू झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्या पुन्हा मोकळेपणाने लोकांत मिसळू लागल्या. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी नॅनो नेगल यांना 'वंदनीय' घोषित केले.

कायदा असो वा मठाचा नियम, नॅनोंचा प्रश्न एकच होता : यामुळे गल्लीतले मूल बाहेर तर राहत नाही ना? आपल्या संस्थांचे नियम आपण पुष्कळदा चांगल्या हेतूनेच करतो. तरीही हा प्रश्न आपण पुनःपुन्हा विचारायला हवा.

या आठवड्यात घरी चर्चा करू या : आपल्या शाळेच्या, संघटनेच्या किंवा धर्मग्रामाच्या कोणत्या नियमामुळे एखादे गरीब कुटुंब दाराबाहेर राहते? त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आपण काय करू शकतो?