कुश्क-इ-शिकार : एक लुप्त मृगयाप्रासाद

सुलतान फिरोजशहा तुघलक (कारकीर्द १३५१–१३८८) याने दिल्लीच्या उत्तरेकडील डोंगरधारेवर शिकारीसाठी एक प्रासाद बांधविला. 'कुश्क-इ-शिकार' म्हणजे शिकारीचा महाल. 'जहाँनुमा' हे त्याचे दुसरे नाव.

इतिहासकार शम्स-इ-सिराज अफीफ याच्या वृत्तांतानुसार सुलतानाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस आणविले. चंडीगढच्या आग्नेयेस असलेल्या तोपरा गावचा स्तंभ बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून यमुनेपर्यंत नेण्यात आला व पुढे फिरोजाबादेत उभारला गेला. मेरठचा स्तंभ या महालात आला. त्यांवरील लिपी तेव्हा कोणासही वाचता आली नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा कळले की, या स्तंभलेखांपैकी पाचव्यात अनेक पशुपक्ष्यांच्या हत्येस मनाई आहे. शिकारीच्या महालाचे भूषण ठरलेला पाषाण अभयाची आज्ञा सांगत होता!

१३९८ मध्ये तैमूरने दिल्ली जिंकण्यापूर्वी हा महाल पाहिला होता. पुढे तो नष्ट झाला. फर्रुखसियरच्या काळात (१७१३–१७१९) स्फोट होऊन स्तंभाचे तुकडे झाले. ते सांधून १८६७ मध्ये तो पुन्हा उभारण्यात आला.

याच परिसरात कागलकर घाटगे घराण्यातील हिंदुराव, म्हणजे बायजाबाई शिंदे यांचे बंधू, राहत असत. त्यांच्या वाड्याभोवती १८५७ मध्ये घनघोर लढाई झाली. आज तेथील रुग्णालयास त्यांचेच नाव आहे, आणि त्याच्या आवारातील 'पीर गैब' ही दुमजली वास्तू मूळ प्रासादाचा अवशेष मानली जाते. ग्रंथातील वर्णन, सांधलेला स्तंभ आणि हे अवशेष यांच्या आधारेच त्या महालाचे स्थान ठरविता येते.